अनंत उपटून न्यावा की मागे ठेवावा?

वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश: आम्ही पुण्यात एका जुन्या, दुमजली सोसायटीत तळमजल्यावर राहतो. इमारत पुनर्विकासाला गेली असून ३१ मेपर्यंत घर रिकामे करायचे आहे. पुढची तीन वर्षे आम्ही चौथ्या मजल्यावरील भाड्याच्या सदनिकेत राहू. तिथे पश्चिमेकडे नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद गॅलरी आहे. त्यानंतर मिळणारे नवे घर आठव्या मजल्यावर असेल. घरामागच्या अंगणात सासूबाईंनी सदतीस वर्षांपूर्वी त्यांच्या माहेराहून, वाईहून, आणून लावलेला अनंत आहे. शिवाय मोगऱ्याची तीन झुडपे, निशिगंधाचा वाफा, सोनटक्का, फुटबॉल लिली, दोन जास्वंदी आणि कोपऱ्यात पारिजातक आहे. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून बाग मी पाहते, पण दोन वर्षे मोगरा आणि निशिगंध फुललेले नाहीत आणि अनंताची पाने पिवळी पडतात. मी पाणी रोज घालते, ओल्या कचऱ्याचे खत दर महिन्याला देते आणि झाड रुसू नये म्हणून कात्री कधी लावत नाही. माझ्या हाताला गुणच नाही, असे आता वाटू लागले आहे. एका रोपवाटिकेचे गृहस्थ अनंत मुळासकट काढून मोठ्या पिंपात लावून द्यायला तयार आहेत. ते पाच हजार रुपये मागतात, पण झाड जगेल अशी हमी देत नाहीत. यजमान म्हणतात, दोनशे रुपयांत नवा अनंत मिळतो, कशाला जीव टाकतेस? मुलगी म्हणते, जुने सगळे सोड, नव्या गॅलरीत ट्युलिप लावू. अंगणातली माती तरी वीस पोती भरून न्यावी, असे माझ्या मनात आहे. सासूबाईंचे झाड बिल्डरच्या यंत्राखाली जाऊ दिले, हा बोल मला लागू नये. मी काय करावे?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी थांबलो. सासूबाईंनी अनंत ‘वाईहून आणून लावला’, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी काय आणले असेल, याचा क्षणभर विचार करा. माहेरच्या अंगणातले पाच-सात फुटी झुडूप मुळासकट उपटून त्यांनी एस.टी.च्या टपावर टाकले नसणार. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन-चार काड्या किंवा फार तर एखादी गुटी, म्हणजे झाडावर असतानाच मुळे फोडून घेतलेली फांदी, पिशवीतून आली असणार. तुम्ही सदतीस वर्षे ज्याला सासूबाईंचा अनंत म्हणत आला आहात, तो मुळात वाईच्या अनंताची एक फांदी आहे. काडीपासून किंवा गुटीपासून वाढलेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नसते, तर त्याच झाडाचा पुढे चालू राहिलेला भाग असते. त्याचा वास, पाकळ्यांची संख्या, फुलण्याचा काळ, सगळे तेच राहते. बीपासून आलेल्या रोपाची गोष्ट वेगळी, कारण त्यात दोन झाडांची सरमिसळ असते.

म्हणून ‘झाड न्यावे की सोडावे’ हा प्रश्न मला थोडा चुकीचा मांडलेला वाटतो. त्यात झाड म्हणजे ते खोड आणि ती जमिनीतली मुळे, असे गृहीत धरले आहे. नारळ किंवा सुपारी असती तर हे गृहीतक बरेचसे खरे ठरले असते. तुमच्या अंगणातील बहुतेक मंडळी मात्र कंदांची आणि झुडपांची आहेत आणि तुकड्यातुकड्याने जागा बदलणे हीच त्यांची जगण्याची रीत आहे. सासूबाईंनी जे केले तेच तुम्ही केलेत, तर झाड तुमच्याबरोबर आले असेच मी म्हणेन.

यजमानांचे म्हणणे मी सरसकट खोडून काढणार नाही. जास्वंदीच्या बाबतीत ते बरोबरच आहेत. तुमच्याकडची लाल आणि गुलाबी जास्वंद नेहमीच्या वाणांची असेल, तर तिच्यासाठी गॅलरीतली जागा अडवू नका. हवीच असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा ते आठ इंचांची काडी पावसाळ्याच्या तोंडाला लावली की ती सहज जगते आणि अशी काडी पुण्यात कोणीही देईल. अनंताचे मात्र तसे नाही. रोपवाटिकेत ‘अनंत’ म्हणून मिळणारी रोपे अनेकदा बुटक्या, लहान फुलांच्या वाणाची असतात. दिसायला ती छान असतात, पण ज्या फुलाच्या वासाने तुम्हाला सासूबाई आठवतात ते फूल त्यांच्यावर येईलच असे नाही.

आता पाच हजारांच्या प्रस्तावाबद्दल. इतक्या वर्षांच्या झुडपाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून बरीच दूर पसरलेली असतात. पिंपात मावेल एवढा मुळांचा गड्डा काढायचा म्हटले की त्यातली बहुतेक तुटतात आणि वरची पाने मात्र एप्रिल-मेच्या उन्हात पूर्वीइतकेच पाणी मागत राहतात. मी स्वतः हा धडा फार महागात शिकलो. बदलीच्या गडबडीत एका एप्रिल महिन्यात मी बारा वर्षांचा मोगरा भर दुपारी खणून काढला, टेम्पोत उघडाच ठेवला आणि नव्या जागी पोहोचल्यावर त्याला दोन बादल्या पाणी पाजून निश्चिंत झालो. आठ दिवस पाने हिरवी होती, म्हणून मी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतही होतो. नवव्या दिवसापासून टोके करपू लागली आणि महिनाभरात उरली ती सरपणाची काटकी. मोगऱ्यासारख्या चिवट झुडपाची ही गत झाली, मग अनंत तर जागा बदलली की महिनोन्‌महिने रुसणारा.

आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. ओल्या मातीने भरलेले पिंप चार माणसांना उचलत नाही आणि ते भाड्याच्या घराच्या गॅलरीत ठेवायचे म्हणजे घरमालकाची परवानगी, खालच्या मजल्यावर झिरपणारे पाणी, आणि तीन वर्षांनी पुन्हा तोच खटाटोप. जुने झुडूपच जगवायचा हट्ट असेल तर त्याला जमिनीतच जागा मिळाली पाहिजे, एखाद्या नातेवाइकाच्या शेतावर किंवा बंगल्याच्या आवारात. तशी जागा असेल तर आत्ताच झुडपाच्या एका बाजूला, खोडापासून दीड फुटावर, अर्धवर्तुळाकार चर खणून मुळे धारदार कुदळीने तोडा आणि तो चर माती व शेणखताने भरा. तीन आठवड्यांनी उरलेली बाजू तशीच करा. चरातल्या भुसभुशीत मातीत नवी बारीक मुळे फुटली की मेअखेरीस, फांद्या निम्म्या छाटून, संध्याकाळी गड्डा गोणपाटात आवळून हलवता येईल. तरीही यशाची खात्री मी देणार नाही. ते रोपवाटिकेचे गृहस्थ हमी देत नाहीत, यात मला त्यांचा प्रामाणिकपणाच दिसतो.

तुम्ही करावे असे मला वाटते ते म्हणजे गुटी. आज एप्रिलचा पहिला आठवडा आहे आणि अनंताच्या गुटीला मुळे फुटायला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. गुटी बांधण्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे हा हिशेब अगदी काठावरचा आहे हे मान्य करून चार-पाच गुट्या एकदम बांधाव्यात. पेन्सिलीएवढी जाड, वर्ष-दीड वर्षाची, सरळ वाढलेली फांदी निवडा. टोकापासून सुमारे एक फूट खाली, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या सांध्याच्या, लगेच खालच्या बाजूस, धारदार चाकूने सालीचा इंचभर रुंदीचा पट्टा गोल सोलून काढा. आतले पांढरे लाकूड बोटाला बुळबुळीत लागते. तो बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून काढल्याखेरीज पुढे जाऊ नका, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटतच नाहीत. घरी बांधलेल्या बहुतेक गुट्या इथेच फसतात. सोललेल्या भागाच्या वरच्या कडेला मुळे फुटण्याची पावडर लावा, भिजवून पिळलेले शेवाळ मूठभर घेऊन त्याभोवती घट्ट दाबा, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोके सुतळीने आवळून बांधा. उन्हाळा असल्यामुळे प्लॅस्टिकवर जुन्या पांढऱ्या धोतराची किंवा पंचाची पट्टी सैलसर गुंडाळा, नाहीतर आतले शेवाळ दुपारी शिजून निघेल. दर चार दिवसांनी पट्टी सोडून पाहा आणि शेवाळ फिकट दिसू लागले तर सिरिंजने थोडे पाणी आत सोडा. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे चांगली दाट दिसली की गुटीच्या खालून फांदी कापायची, निम्मी पाने काढायची, आठ इंची कुंडीत लावायची आणि तीन आठवडे उन्हात न्यायची नाही.

मेअखेरपर्यंत मुळे आली नाहीत तर काय? घरे रिकामी झाल्या दिवशीच इमारत पाडायला घेतात, असे क्वचितच घडते. सोसायटीच्या समितीमार्फत बिल्डरकडे आत्ताच लेखी विनंती करा की पाडकाम सुरू होण्यापूर्वी तुम्हाला दोन-तीनदा आत येऊ द्यावे. तोवर रिकाम्या आवारातल्या गुट्यांना पाणी कोण पाहणार, हे पहारेकऱ्याशी बोलून ठरवावे लागेल. जूनमध्ये दोन सरी पडल्यानंतर अनंताच्या अर्धवट पिकलेल्या काड्याही घेता येतील. त्यांना मुळे फुटायला दोन महिने लागतात आणि दहातल्या तीन-चार जगल्या तरी पुरे.

वाईची चौकशी तुम्ही केली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. सासूबाईंच्या माहेरच्या अंगणात मूळ अनंत उभा असेल, तर तुमच्यावरचे निम्मे ओझे आजच उतरेल. आणि तो तिथून गेला असेल, तर तुमच्या चार गुट्यांपैकी एक तिकडे परत पाठवा. एकच रोप एकाच गॅलरीत जपून ठेवणे ही त्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची व्यवस्था असते. नणंद, बहीण, सोसायटीतली इतर कुटुंबे यांच्याकडे एकेक रोप ठेवीसारखे द्या. तुमचे गेले तर त्यांच्याकडून काडी मागता येईल. आपल्याकडच्या बायकांनी परसातल्या बागा अशाच सांभाळल्या. हळदीकुंकवाला आलेली बाई जाताना सोनटक्क्याचा कंद पिशवीत टाकून नेई आणि पाच वर्षांनी, स्वतःचा गेला की, तिच्याच घरून तो परत मिळे.

आता ‘हाताला गुण नाही’ या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत चुकीचे वाक्य ते आहे. मोगरा का फुलत नाही याचे उत्तर तुमच्याच पत्रात, ‘पाणी रोज, खत दर महिन्याला, कात्री कधी नाही’ या शब्दांत दडले आहे. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. नवा फुटवा जोरात यायचा तर झुडपाला आधी विश्रांती आणि मग छाटणी लागते. पुण्याच्या हवेत डिसेंबरमध्ये दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊन गळू लागली की प्रत्येक फांदी एक तृतीयांश ते निम्मी छाटायची, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढायची आणि जानेवारीत शेणखत देऊन पुन्हा पाणी सुरू करायचे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात. सासूबाई हे करत असणार. तुम्हाला त्यांची कात्री दिसली नाही, कारण डिसेंबरातले ते काम एका दुपारीत आटपते आणि लक्षात राहतात ती एप्रिलमधली फुले. तुम्ही मायेने झुडपाला बाराही महिने खाऊपिऊ घातलेत आणि ओल्या कचऱ्याच्या खतातल्या नत्राने त्याने पानेच पाने काढली. यात हाताचा गुण किंवा अवगुण काही नाही. एक गोष्ट मात्र पाहून घ्या. मोगऱ्याला किमान पाच-सहा तास ऊन लागते. गेल्या काही वर्षांत शेजारी उंच इमारत उभी राहिली असेल, तर छाटणी करूनही फार फरक पडला नसता. त्या दृष्टीने तुमची पश्चिमेची गॅलरी मोगऱ्याला अंगणापेक्षा मानवेल.

मोगऱ्यासाठी गुटीसुद्धा नको, साधी दाब पुरे. जमिनीलगतची लवचीक फांदी निवडा, झुडपाशेजारी मातीने भरलेली सहा इंची कुंडी ठेवा, फांदीच्या मधल्या डोळ्याखाली लहानशी तिरपी चीर द्या आणि तो भाग कुंडीतल्या मातीत दोन इंच दाबून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. सहा ते आठ आठवडे ती फांदी आईकडून जेवत राहते आणि खाली स्वतःची मुळे धरते. निघायच्या आठ दिवस आधी आईकडची बाजू कापा. तीन झुडपांच्या सहा दाबा आज केल्यात तर मेअखेरीस चार तरी रोपे हाती लागतील.

निशिगंधाची कथा वेगळी आणि मला तरी फार आवडती आहे. वाफ्यातला एक गड्डा खुरप्याने हलकेच उचला, माती झटका आणि नीट पाहा. मध्यभागी एखादा सुरकुतलेला, तपकिरी सालींचा जुना कंद दिसेल. त्याच्या माथ्यावर वाळलेल्या दांड्याचा पोकळ खुंट असेल. त्याला एकदा दांडा येऊन गेला, आता तो पुन्हा कधीही फुलणार नाही. त्याच्या अंगाला चिकटून दहा-बारा पिल्ले असतील. काही बोटाच्या पेराएवढी, टोकदार, हिरवट पांढरी, तर काही हरभऱ्याएवढी. फुलायचे ते या पिल्लांनी. पण चार वर्षे वाफा न हलवल्यामुळे ती एकमेकांच्या अंगावर दाटीवाटीने बसली आहेत आणि एकालाही दांडा काढण्याइतके अंग धरता आलेले नाही. शेतकरीही निशिगंधाचे पीक तीन वर्षांच्या आसपास ठेवून मग कंद काढतात, ते याच कारणाने.

तेव्हा तुमच्या निशिगंधाला उपटणे हाच उपचार आहे आणि योगायोगाने वेळही तीच आहे. आजपासून वाफ्याचे पाणी बंद करा. पंधरा-वीस दिवसांत पाने पिवळी पडली की सगळे कंद काढा, सुटे करा आणि दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक जाडीचे तेवढे बाजूला निवडा. लहान पिल्ले वाटून टाका किंवा वेगळ्या टबात वाढवा, त्यांना फुलायला आणखी एक हंगाम लागेल. निवडलेले कंद सावलीत आठवडाभर सुकवून कांद्याच्या जाळीदार पिशवीत, हवेशीर जागी टांगून ठेवा. या चार-सहा आठवड्यांच्या विश्रांतीने पुढची फुलधारणा सुधारते. सामानाच्या टेम्पोत ही पिशवी कुठेही जाईल. जूनच्या सुरुवातीला बारा इंची कुंडीत चार-पाच कंद, दोन इंच खोल, टोक वर करून लावा. साधारण तीन-साडेतीन महिन्यांत, म्हणजे गणपती-नवरात्राच्या सुमारास, दांडे यावेत. एकेरी पाकळीचा निशिगंध वासाला दुहेरीपेक्षा सरस, एवढे माझे वैयक्तिक मत नोंदवून ठेवतो.

हा निशिगंध मूळचा मेक्सिकोचा आणि तुमची फुटबॉल लिली आफ्रिकेतली. आपल्या परसातली किती फुले बाहेरून, कोणाच्या तरी सामानातून आली, याचा हिशेब मांडला तर घर बदलण्याची भीती थोडी कमी होते.

फुटबॉल लिली आत्ता जमिनीखाली झोपलेली असेल. तिला मुळे दुखावलेली अजिबात खपत नाहीत, म्हणून कोंब वर येण्याच्या आत, याच आठवड्यात, भोवतालच्या मातीसकट गड्डा उचलून लहान कुंडीत जसाच्या तसा बसवा. कंदाची मान, म्हणजे वरचे निमुळते टोक, मातीच्या पातळीला राहू द्या आणि कोंब दिसेपर्यंत पाणी जेमतेमच घाला. यंदाच्या मेमध्ये फूल आले नाही तर खट्टू होऊ नका, ती एखादे वर्ष रागावते. सोनटक्क्याचे दोन-तीन डोळे असलेले कंद कापून पसरट टबात लावा, पण पश्चिमेच्या उन्हात त्याची पाने भाजतील. त्याला मोगऱ्याच्या कुंड्यांमागे, भिंतीच्या आडोशाला ठेवा आणि माती कधीही पूर्ण सुकू देऊ नका.

पारिजातकाला मी या हिशेबात धरलेले नाही. तो वृक्ष आहे आणि तोडायचा झाल्यास १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आराखड्यात तो मोजला गेला आहे का आणि कोपऱ्यात असल्यामुळे वाचू शकतो का, हे समितीला आत्ताच विचारा. आराखडे पक्के झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. झाडावर वाळलेली, चपटी, नाण्यासारखी फळे अजून लटकत असतील. ती गोळा करून ठेवा आणि जूनमध्ये पेरा. रोपे येतील, फक्त ती या पारिजातकाची लेकरे असतील, तोच पारिजातक नव्हे.

वीस पोती माती नेऊ नका. अंगणातली काळी माती जमिनीत उत्तम असते, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते आणि कंद कुजवते. आठवण म्हणून, आणि तिच्यातल्या जिवाणूंसाठी म्हणूनही, एक पोते न्या. त्यात तेवढेच कुजलेले शेणखत आणि तेवढेच कोकोपीट किंवा विटांचा भरड चुरा मिसळा. शेवाळ, मुळे फुटण्याची पावडर, चांगल्या कुंड्या आणि उन्हाच्या आडोशाला हिरवी जाळी हे सगळे त्या पाच हजारांत बसून पैसे उरतील. गॅलरीत मातीच्या कुंड्यांपेक्षा प्लॅस्टिकच्या हलक्या कुंड्या आणि खाली ताटल्या बऱ्या. पश्चिमेच्या उन्हात मातीची कुंडी सायंकाळपर्यंत कोरडीठाक होते. भाड्याच्या घराची किल्ली मिळाली की एका सुट्टीच्या दिवशी दहा, एक आणि चार वाजता गॅलरीत ऊन कुठवर येते ते खडूने फरशीवर आखा आणि मगच कोणती कुंडी कुठे ठेवायची ते ठरवा. छत्तीस चौरस फुटांत उभे राहायला आणि कपडे वाळत घालायला जागा सोडली, तर दहा-बारा कुंड्यांच्या वर जाऊ नये.

अनंताच्या पिवळ्या पानांबद्दल एक शब्द. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती बहुधा लोहाची कमतरता आहे. अनंताला किंचित आम्लधर्मी माती लागते आणि बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने मातीतले लोह त्याला मिळेनासे होते. हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, त्यात लिंबाचे चार थेंब टाकून, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा मुळाशी घाला. पुढे गॅलरीत देताना फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते घर भाड्याचे आहे. नव्या कुंड्यांना पावसाचे साठवलेले पाणी मिळेल तितके द्या. गुटीसाठी फांद्या निवडताना मात्र हिरव्या पानांच्याच निवडा.

लेकीच्या ट्युलिपला माझा विरोध नाही, पण तो या अंगणाला पर्याय होऊ शकत नाही. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यासाठी साधारण तीन महिने कडक थंडी लागते. श्रीनगरची ट्युलिपची बाग मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलते ती काश्मीरचा हिवाळा जमिनीत काढल्यानंतर. पुण्यात कंद बारा-चौदा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, सफरचंदांपासून दूर ठेवून डिसेंबरअखेरीस लावला तर एकदा फूल मिळते, पुढच्या वर्षी तोच कंद फुलत नाही. तिला कंदांची हौस असेल तर अ‍ॅमरिलिस द्या. मान मातीच्या वर ठेवून लावायचा, डिसेंबर-जानेवारीत कोरडा ठेवायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याच हवेत, दरवर्षी, लेकीला दाखवण्यासारखा फुलतो.

यजमानांना आणि मुलीला एकेक काम वाटून द्या. यजमानांनी बिल्डरला द्यायचे विनंतीपत्र लिहावे, मुलीने प्रत्येक गुटीवर आणि दाबेवर तारखेची चिठ्ठी बांधून छायाचित्र काढावे. गुट्या या रविवारी सकाळी दहाच्या आत बांधा. रोपवाटिकेत शेवाळ कोरडे मिळते, ते शनिवारी रात्रीच पाण्यात भिजत घालावे लागेल.